सोलापुरात पाइन लावावा का? परदेशी झाडं, देशी झाडं, त्यांची वाढ आणि काटकपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाचे दोन-तीन पाऊस पडले की सोलापुरात झाडं लावायची घाई सुरू होते आणि त्याबरोबर प्रश्नही. मनालीहून किंवा उटीहून आलेल्यांना पाइन हवा असतो. शेताच्या बांधावर लावणाऱ्यांना 'लवकर वाढणारं' हवं असतं, सोसायटीला सावली हवी असते. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: भरभर वाढणं आणि टिकणं हे दोन वेगळे गुण आहेत, आणि आपण झाड निवडताना बहुतेक वेळा फक्त पहिला बघतो.

सोलापुरात पाइन, म्हणजे चीड, येतो का?

रोप काही महिने जगेल, झाड होणार नाही.

आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जून ते सप्टेंबरमध्ये आणि मध्ये मोठी उघडीप देऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. जमीन बेसाल्टपासून झालेली, चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. बहुतेक पाइनना थोडी आम्लधर्मी आणि पाण्याचा चटकन निचरा होणारी जमीन लागते. चुनखडीत त्यांना लोह उचलता येत नाही, सुया पिवळ्या पडतात आणि टोकाकडून वाळायला लागतात. काळ्या रानात पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून मुळं तोडते.

'पण चीड ५०० मीटर उंचीवरसुद्धा येतो, सोलापूरही तेवढ्याच उंचीवर आहे' असं कुणी म्हणतं. उंचीचा आकडा जुळतो, बाकी काही जुळत नाही. चीड जिथे येतो त्या हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत पाऊस आपल्या दुपटीच्या आसपास किंवा जास्त असतो, हिवाळा खरा हिवाळा असतो आणि जमीन वेगळी असते.

चुनखडीत येणारा पाइन नाहीच का?

आहे. भूमध्य समुद्राकाठचा हलेपो पाइन चुनखडीत आणि कमी पावसात येतो. पण तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि ओल थंडीत मुरते. आपल्याकडे सगळं उलटं. कुणाला हौस म्हणून एखादं रोप लावून बघायचं असेल तर बघावं, पण रांगेने लावून पैसे घालवू नयेत.

नर्सरीत पाइन म्हणून जे मिळतं ते काय असतं?

बहुतेक वेळा अराउकेरिया, म्हणजे ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात ते. हे मूळचं दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं झाड. शंकूधारी आहे, पण पाइन नव्हे. कधी सुरू मिळतो, तो तर शंकूधारीही नाही. मोरपंखी वेगळीच.

ओळखायची सोपी रीत आहे. फांदीवरून एक सुई ओढून काढा. खऱ्या पाइनची सुई एकटी येत नाही. दोन, तीन किंवा पाच सुयांची जुडी तळाशी पातळ तपकिरी आवरणात बांधलेली असते. चिडाला तीन, हिमालयातल्याच कैल पाइनला पाच. सुरूची 'सुई' दोन्ही हातांनी ओढली तर सांध्यावर तुटते, कारण ती पान नसून पेरांची बारीक काडी आहे. खरी पानं त्या प्रत्येक सांध्यावर इवल्याशा दातांसारखी दिसतात. भिंग असेल तर मुलांना जरूर दाखवा.

अराउकेरिया सोलापुरात कुंडीत, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर तग धरतो. गच्चीवर उघड्यावर ठेवला तर एप्रिलमध्येच करपतो.

भारतातले देशी पाइन कोणते आणि बाहेरून आणलेले कोणते?

देशी म्हणजे हिमालयातला चीड, त्याच्याही वर वाढणारा कैल, किन्नौरच्या कोरड्या खोऱ्यांतला चिलगोजा (ज्याच्या बिया आपण सुकामेवा म्हणून खातो), मेघालय-नागालँड-मणिपूरकडचा खासी पाइन आणि अरुणाचलात थोडा आढळणारा मर्कुसी पाइन. महाराष्ट्रात देशी पाइन एकही नाही, सह्याद्रीतही नाही.

बाहेरचे म्हणजे मेक्सिकोचा पॅटुला, मध्य अमेरिकेचा कॅरिबियन पाइन, कॅलिफोर्नियाचा रेडिएटा. उटी-कोडाईकनालला जे पाइनचं रान बघून आपण फोटो काढतो ते माणसांनी लावलेलं आहे. तिथलं मूळचं निसर्गरूप म्हणजे शोला जंगल आणि गवताळ डोंगर.

देशी आणि परदेशी पाइनमध्ये जास्त वेगाने कोण वाढतं?

योग्य जागी लावला तर परदेशी, आणि फरक थोडाथोडका नसतो. न्यूझीलंडमध्ये रेडिएटा साधारण २५ ते ३० वर्षांत तोडणीला येतो. हिमालयातल्या चिडाचा तोडणीचा फेरा परंपरेने शंभर वर्षांच्या आसपास धरला जातो. यात हवामानाचा वाटा आहे, निवडक बियाण्याचा आहे आणि मूळ प्रदेशातले किडे-रोग मागेच राहिले याचाही आहे. शेवटचं कारण महत्त्वाचं, कारण ते कायमचं नसतं.

रेडिएटाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. याचं मूळ घर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तीन छोटे पट्टे आणि मेक्सिकोची दोन बेटं. तिथे तो वेडावाकडा, साधारण उंचीचा असतो. तोच न्यूझीलंडला जाऊन सरळसोट वाढला आणि तिथल्या लागवडीच्या जंगलांपैकी सुमारे ९० टक्के क्षेत्र त्याने व्यापलं. म्हणजे 'हे झाड भरभर वाढतं' हे वाक्य अपुरं आहे. कुठे भरभर वाढतं, हे त्यात आलंच पाहिजे.

उष्ण सखल भागात कॅरिबियन पाइनचं आणखी एक दिसतं: शेंडा नुसता वर जातो, कित्येक फूट फांदीच फुटत नाही. उंची मोजली तर झाड पहिलं येईल, आणि लाकूड मात्र कमकुवत, वाऱ्याला मोडणारं.

जो लवकर वाढतो तो काटकही असतो ना?

इथेच गल्लत होते. पूर्व आफ्रिकेत रेडिएटा मोठ्या प्रमाणावर लावला होता. पहिली काही वर्षं वाढ उत्तम होती. मग सुयांवर लाल पट्टे पाडणारी डोथिस्ट्रोमा बुरशी आली आणि केनियात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची लागवड थांबवावी लागली. न्यूझीलंडला त्याच रोगासाठी विमानातून तांब्याची औषधं फवारायची वेळ आली. ब्रिटनमध्ये बाहेरून आणलेल्या कॉर्सिकन पाइनला याच बुरशीने जेरीस आणलं, आणि त्या मानाने तिथला देशी स्कॉट्स पाइन कमी बळी पडला.

एवढ्यावरून 'देशी तेच काटक' असा निष्कर्ष काढू नका. जपानचं उदाहरण बरोबर उलटं आहे. पाइनच्या लाकडात वाढणारा सूत्रकृमी उत्तर अमेरिकेतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये पोचला. अमेरिकन पाइनना त्याची सवय होती, त्यांचं विशेष बिघडत नाही. जपानचे देशी काळे आणि लाल पाइन मात्र लाखांनी वाळले. देशी झाड आपल्या ओळखीच्या संकटांना तोंड देतं. अनोळखी संकटापुढे तेही हतबल होतं.

आपल्या जवळचं उदाहरण लिंबाचं, म्हणजे कडुनिंबाचं. २०२१ पासून तेलंगणात कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला, बुरशी आणि टी मॉस्किटो नावाचा ढेकूणवर्गी किडा या दोघांमुळे. लिंबाला काही होत नाही असं आपण धरून चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सगळ्या रस्त्याला नुसता लिंब लावू नका.

बियाणं कुठून आणलं याने फरक पडतो का?

फार पडतो, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. एकाच जातीचं पाइनचं बियाणं उबदार प्रदेशातलं घेऊन थंड प्रदेशात लावलं तर ते सुरुवातीला स्थानिकांपेक्षा जास्त वाढतं, कारण हंगाम संपत आला तरी ते थांबत नाही. मग कडाक्याच्या थंडीत त्याचे कोवळे शेंडे मरतात.

आपल्याकडे थंडीच्या जागी दुष्काळ ठेवा. कोकणातल्या करंजाचं बी आणि माळशिरसच्या बांधावरच्या करंजाचं बी, नाव एक असलं तरी सवयी एक नसतात. रोप विकत घेताना 'बी कुठलं?' हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

आपल्या भागात बाहेरून आलेली झाडं कोणती? ती कशी टिकली?

सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गुलमोहर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, काशीद आग्नेय आशियातला.

सुबाभूळ पाणी असेल तर पहिल्या दोन वर्षांत कुठल्याही देशी झाडाला मागे टाकतो. चारा म्हणून त्याचं फार कौतुक झालं. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याचा रस शोषणारा बारीक किडा, सायलिड, भारतात येऊन पोचला आणि शेंडे झडू लागले. पाइनची गोष्ट इथेही: शत्रू मागे राहिला होता तोवर झाड सुखात होतं.

गिरिपुष्प मला उपयोगी वाटतो, पण बांधावर, हिरवळीच्या खतासाठी, दरवर्षी छाटून. उघड्या माळावर त्याचं काही काम नाही.

गुलमोहराची फुलं सुंदर असतात, हे कुणी नाकारणार नाही. पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. मे महिन्यात वळवाच्या वावटळीनंतर रस्त्यात आडवं काय पडलंय ते बघा. वाहनं उभी राहतात तिथे तो लावू नये.

निलगिरी मुरमाड, उथळ जमिनीत उंच जाते पण खाली काही येऊ देत नाही. विहिरीजवळ लावू नका.

देशी रोप दोन वर्षं जागचं हलत नाही. ते खराब निघालं का?

नाही. ते खाली वाढतंय. कोरड्या प्रदेशातली बहुतेक झाडं आधी सोटमूळ उतरवतात आणि मगच वर लक्ष देतात. अंजनाचं रोप वर वीतभर दिसतं तेव्हा खाली त्याचं मूळ कितीतरी पुढे गेलेलं असतं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जशी पाऊस संपल्यावर पेरून जमिनीतल्या ओलीवर दाण्याला येते, तसा हा प्रकार आहे: वरच्या पाण्याची वाट न बघता खालची ओल गाठायची.

म्हणून देशी रोप मोठ्या वयाचं विकत घेण्यात फायदा नसतो. छोट्या पिशवीत दोन-तीन वर्षं राहिलेलं सहा फुटी रोप दिसायला दणकट असतं. पिशवी फाडून बघा. सोटमूळ तळाला टेकून वळलेलं असतं, गुंडाळी होऊन स्वतःभोवतीच फिरलेलं, रंगाने तपकिरी आणि टणक. असं रोप पाणी देत राहाल तोवर हिरवं राहतं. टँकर बंद झाला की पहिल्याच उन्हाळ्यात जातं, किंवा दहा वर्षांनी वाऱ्यात मुळासकट उपटून पडतं. एका वर्षाचं, दीड-दोन फुटी, सरळ मुळाचं रोप याच्या कितीतरी पुढे जातं.

तुलना करायची असेल तर नेमकी कशी करावी?

शाळा, कॉलेज, शेतकरी गट यांनी हे नक्की करावं. सोलापुरातलं कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं आहे. दुष्काळात काय टिकतं हे मोजून बघायची रीत या जिल्ह्याला नवी नाही.

एकाच जमिनीत, एकाच आठवड्यात, सारख्या वयाची रोपं लावा. एका बाजूला सगळे देशी आणि दुसऱ्या बाजूला सगळे परदेशी असं करू नका. ओढ्याकडची बाजू ओली असते आणि सगळा निकाल तीच ठरवते. जाती आलटून पालटून लावा. पाणी सगळ्यांना सारखं द्या, आणि दोन उन्हाळ्यांनंतर सगळ्यांचं एकदम बंद करा.

मोजणी वर्षातून दोनदा: दिवाळीनंतर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी. दिवाळीची मोजणी वाढ सांगते, जूनची मोजणी काटकपणा सांगते. उंचीबरोबर बुंध्याचा घेर घ्या. झाड मोठं झालं की तो जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा. पानं नाहीत म्हणून मेलं असं लिहू नका. नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे.

मुख्य म्हणजे मेलेली रोपं वहीतून काढून टाकू नका. पन्नासातली पाच उरली आणि ती पाच पंधरा फुटी झाली, तर सरासरी उंची झकास दिसते आणि माळ मात्र उघडाच राहतो. निकाल पाचव्या उन्हाळ्यानंतर लिहा. पाणी बंद झाल्यावरची तीन वर्षं तरी हवीतच.

वेडी बाभूळ परदेशी असूनही सगळ्यांत काटक आहे. मग देशीचा आग्रह कशाला?

प्रश्न रास्त आहे. वेडी बाभूळ अमेरिका खंडातली. खारवट जमीन, दगड, दुष्काळ, तोड, काहीही सोसते. जनावरं शेंगा खातात, पाला खात नाहीत, आणि शेणातून बी गावभर जातं. वरून तोडली की बुडातून चार फांद्या फुटतात; काढायचीच तर जमिनीखालच्या खोडासकट खणून काढावी लागते.

जळण म्हणून तिने पुष्कळ घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण ती तलावांच्या पोटात, ओढ्याकाठी आणि गायरानात शिरली की खाली गवत उरत नाही, आणि गवत गेलं की मेंढरांचं चरणं जातं. काटकपणा हा गुण आहे, पण तो कुणाच्या जिवावर हेही बघावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत बाहेरून आणलेले पाइन असेच डोंगरांवर पसरले आणि ओढ्यांचं पाणी घटू लागलं. ते काढण्यासाठी १९९५ पासून सरकारला मोठी मोहीम चालवावी लागली.

आपली देशी बाभूळ, हिवर आणि खैर तेवढेच उन्हाला टिकतात आणि त्यांच्याखाली गवतही येतं.

चिंच परदेशी आहे असं ऐकलं. काढायची का?

मुळीच नाही. मूळ आफ्रिकेतलं असलं तरी ते शतकानुशतकं इथे आहे, पसरून कुणाला त्रास देत नाही आणि दुष्काळात सावली देतं. खुशाल लावा.

सप्तपर्णी तर भारतीय आहे. ती सोलापूरला देशी धरायची का?

देश भारत असला म्हणून झाड सोलापूरचं होत नाही. ती ओलसर जंगलातली आहे. चीडही भारतीयच आहे की.

कुठल्या जमिनीत काय लावावं?

भीमा-सीना काठच्या खोल काळ्या जमिनीत देशी बाभूळ, करंज, चिंच, उंबर. पाणी तुंबतं तिथे बाभूळच. हलक्या मुरमाड माळाच्या कडेला हिवर, बोर, आपटा, खैर, अंजन. अंजन वाढीला सावकाश आहे, पण खडकाच्या फटीतून मूळ घालण्यात त्याचा हात धरणारं झाड मला माहीत नाही. शमी दोन्हीकडे चालते. लिंब जवळजवळ कुठेही येतो, फक्त पाणी साचणारी जागा टाळा.

शहरात, होटगी रोड किंवा विजापूर रोडच्या वसाहतींत, प्लॉट लहान असतात. तिथे आपटा आणि भोकर बरे. वड-पिंपळ तलावाकाठी, देवळाच्या मोकळ्या आवारात लावा. कंपाउंडच्या भिंतीला लागून नको.

नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. रोप जगवायचं कसं?

रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पंधरा-वीस लिटर घाला, म्हणजे ओल खाली जाते आणि मूळही तिच्यामागे खाली जातं. आळ्यात चार बोटं जाड पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. खड्ड्यात मुरूम असेल तर थोडी काळी माती आणि कुजलेलं शेणखत घाला. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी थांबवा. देशी झाड तिथून पुढे स्वतःचं बघतं.

पाइनचं रोप आणताना तिकडची माती आणावी असं का म्हणतात?

पाइनच्या मुळांवर एक बुरशी राहते. ती मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देते, पाइन तिला साखर देतो. ज्या देशांत पाइन नव्हते तिथे पहिली रोपं खुरटून पिवळी पडत गेली, आणि जुन्या पाइनखालची माती घातल्यावर तरारली. आपल्याकडे ती बुरशी नाही. पण माती आणून सामू आणि ऊन बदलत नाही, शिवाय मातीबरोबर रोगही येतात. आणू नका.

नान्नजच्या माळावर काहीच झाडं नाहीत. तिथे वृक्षारोपण करू का?

कृपा करून करू नका. तो माळ ओसाड नाही, ते गवताळ रान आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते याच रानासाठी. कुसळी, मारवेल, पवन्या या गवतांवर तिथलं सगळं जग उभं आहे: काळवीट, लांडगे, खोकड, धाविक, चंडोल. माळढोकाला लांबवर मोकळं दिसावं लागतं. तो जमिनीवर अंडं घालतो, आणि झाडी वाढली की त्याची जागाच जाते.

अशा जागी देशी-परदेशी हा वादच नाही. तिथे लावलेला लिंबही चुकीचाच. झाडं लावायची असतील तर रस्त्याकडेला, बांधाला, गावठाणात, शाळेच्या आवारात भरपूर जागा आहे.

हिवर, खैर, अंजन यांची रोपं नर्सरीत मिळत नाहीत. मग?

बी गोळा करा, अवघड काहीच नाही. बाभळीच्या शेंगा एप्रिलपासून पडतात. शेळ्यांच्या वाड्यातलं बी मिळालं तर फारच छान, कारण शेळीच्या पोटातून आलेल्या बियांचं टणक कवच मऊ झालेलं असतं. नाहीतर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर राहू द्या. हिवराला हीच रीत चालते. बोराची आठोळी हलकेच फोडून पेरा, आतलं बी ठेचू देऊ नका. पळसाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्यात मिळतात. लिंबोळीचं बी साठवायचं नाही. जून-जुलैमध्ये पिकून पडली की गर धुवून आठवड्याभरात मातीत गेली पाहिजे, कारण तिची उगवण लवकर संपते. अंजनाचं बी उन्हाळ्यातच झाडाखाली सापडतं.

पिशवी उभी आणि उंच घ्या, निदान नऊ-दहा इंची, म्हणजे मूळ वळत नाही. आणि शक्य असेल तिथे पिशवीच्या भानगडीतच पडू नका. पहिला चांगला पाऊस झाला की कुंपणाच्या कडेने बोटभर खोल भोक पाडून दोन-तीन बिया टाका, वर काटेरी फांदी ठेवा म्हणजे शेळ्या तोंड लावणार नाहीत. उगवेल ते एकच ठेवा.